'फक्त चौकशीला या' म्हणून बोलावलं आणि रात्रभर बसवून ठेवलं. ही अटक की नाही?

सदाफुली

माझ्या भाच्याबद्दल लिहितेय. वय बावीस, एका गोदामात हिशेब लिहायला आहे. गोदामातला काही माल गायब झाला, मालकाने तक्रार दिली आणि दुपारी चारच्या सुमारास भाच्याला ठाण्यातून फोन आला, "साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांचं काम आहे." तो सरळ मनाने गेला. आत गेल्यावर मोबाइल मागून घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला. ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसायला सांगितलं. साहेब बंदोबस्तावर होते, ते रात्री साडेदहाला आले. अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बस, सकाळी बघू." सकाळी अकराला सोडलं.

मारहाण नाही, शिवीगाळ नाही, जेवणही दिलं. हे मुद्दाम सांगतेय. पण हातात एक कागद दिला नाही की कुठे सही घेतली नाही. ताई आणि भावजी रात्री ठाण्याच्या गेटपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "अटक केलीय का?" उत्तर आलं, "छे हो, अटक कुठे? चौकशीला बसवलंय." मग भावजी म्हणाले, "तर घरी नेऊ का?" त्यावर, "साहेब म्हणेपर्यंत नाही."

या दोन उत्तरांचा मेळ मला लागत नाही. अटक नव्हती तर त्याला उठून येता का येत नव्हतं? अटक होती तर कागद कुठे आहे? अशी कुठली मधली अवस्था कायद्यात आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

वाटसरू

वाचतोय. आमच्या शेजारच्या मुलाचं अगदी असंच झालं होतं, फक्त तो दोन रात्री होता.

घाटमाथा

ताई, तुमची काळजी समजते. पण चोवीस तासांच्या आत सोडलं ना? मग बेकायदा काय झालं? पोलिसांना तेवढा अधिकार असतोच.

काळा_कोट

घाटमाथा, हा गैरसमज इतका पसरलाय की आधी त्यावरच लिहितो. मी फौजदारी वकिली करतो, रोज कोणी ना कोणी हे ऐकवतं.

चोवीस तास ही पोलिसांना दिलेली सवलत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२(२) प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ५८ मध्ये आहे, जुन्या सीआरपीसीत ते ५७ होतं. म्हणजे ही अटकेनंतरची कमाल मुदत झाली. अटकच न करता कुणालाही २३ तास बसवून ठेवायची मुभा त्यातून निघत नाही. अटक करायची तर आधी कायद्यातलं कारण हवं, आणि ते नसेल तर एक तासही बेकायदाच.

आता सदाफुलीताईंचा प्रश्न. अशी मधली अवस्था कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली अश्रफ नव्हे, अशक हुसेन अल्ला देथा प्रकरणात (नावात लोक नेहमी गल्लत करतात) हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. ते प्रकरण कस्टम्स अधिकाऱ्यांनी अमली पदार्थांच्या संशयावरून धरलेल्या माणसांचं होतं. चौकशीसाठी ताब्यात ठेवणं या प्रकाराला कायद्याचा आधार नाही, आणि माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की अटक तिथूनच सुरू होते, अधिकारी वहीत कुठली वेळ लिहितो यावर ती ठरत नाही. असा तो निकाल.

म्हणून तुमच्या भाच्याची खरी वेळ मोबाइल खणात गेला तेव्हापासून मोजायची.

सदाफुली

धन्यवाद काळा_कोट. शेवटचं वाक्य ताईला वाचून दाखवलं.

माजी_फौजदार

मी या खात्यात आयुष्य घालवलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वकीलसाहेबांचा कायदा बरोबर आहे, पण तो रात्री अकरा वाजता ठाण्यात कसा दिसतो ते मला माहीत आहे. माल गेलेला असतो, मालक तासातासाला फोन करतो, वरून विचारणा होते, "गुन्हा उघड का होत नाही?" पाच-सहा जणांकडे किल्ली होती. त्यातल्या एकाला घरी सोडला की तो बाकीच्यांना फोन करतो, आणि माल रातोरात जिल्ह्याबाहेर जातो. तपासी अंमलदार एकच, त्याच्याकडे आधीच गुन्ह्यांचा ढीग, त्यात बंदोबस्त. म्हणून माणूस बसवून ठेवला जातो. त्यात दर वेळी दुष्टपणा असतो असं नाही.

उलट अटक दाखवली असती तर मुलाच्या नावावर कायमची नोंद झाली असती. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला गेला की ती वर येते. कागद न करणं हे काही वेळा त्या पोराच्या भल्याचंच असतं.

उंबरठा

फौजदारकाका, आदर ठेवून असहमत. कागद नसेल तर त्या रात्री त्या पोराला काही झालं असतं तर तो तिथे होता हे कोणी सिद्ध केलं असतं? कागद त्याच्या भल्यासाठीच असतो. नोकरीची अडचण नंतर निस्तरता येते.

काळा_कोट

उंबरठा यांना पूर्ण पाठिंबा.

फौजदारकाका, तुम्ही सांगितलेली अडचण खरी आहे, पण त्यावरचा उपाय कायद्यातच दिलाय. नव्या संहितेतल्या कलम ३५(३) ची नोटीस, जुनी ४१अ. अटकेची गरज नसेल तर अमुक दिवशी अमुक वेळी हजर राहा असं लेखी कळवायचं. माणूस येतो, उत्तरं देतो, घरी जातो. नोटीस पाळत असेल तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात सांगितलं आणि २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात पुन्हा बजावलं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही त्याच अंतिल प्रकरणात नंतर स्पष्ट झालं. आणि तो नुसता साक्षीदार असेल तर कलम १७९, तिथेही लेखी आदेशच लागतो. फोनवर "दहा मिनिटांसाठी या" हे यातल्या कशातच बसत नाही.

पुरावा नष्ट होईल अशी खरीच भीती असेल तर कायदा अटकेची परवानगी देतो. मग अटक करा, कारण लिहा, घरच्यांना कळवा, दुसऱ्या दिवशी कोर्टात न्या. पोलिसांचे हात बांधलेले नाहीत, फक्त जे कराल ते उघड करा एवढंच मागणं आहे.

आणि 'मदतीसाठी बोलावलं होतं' हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने ऐकलेला आहे. जोगिंदर कुमार, १९९४. गाझियाबादचा तरुण वकील, चौकशीला म्हणून बोलावला, घरच्यांना तो कुठे आहे ते कळेना, शेवटी हेबियस कॉर्पस (धरलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका) लावावं लागलं. पोलिसांनी सांगितलं की तो अटकेत नव्हताच, काही प्रकरणांच्या तपासात त्याची मदत घेत होतो. न्यायालयाने तिथे जे तत्त्व घालून दिलं ते मी प्रत्येक जामीन अर्जात वापरतो: अटकेचा अधिकार असणं ही एक गोष्ट आणि तो वापरायला सबळ कारण असणं ही दुसरी.

दिगंत

माझं मत सगळ्यांना आवडणार नाही. ज्याने काही केलं नाही त्याने घाबरायचं कशाला? एक रात्र गेली, संशय फिटला, विषय संपला. सगळे आपापले हक्क सांगत बसले तर चोर सापडणार कसे?

जुईली

दिगंत, बाकावर काढलेली रात्र तुमच्या मुलाची असती तर 'विषय संपला' म्हणाला असतात का? गल्लीत बातमी पसरली की 'अमक्याला उचलला'. मालक दुसऱ्या दिवसापासून कामावर घेत नाही. संशय फिटल्याचं प्रमाणपत्र कोणी दारावर लावत नाही.

उंबरठा

दिगंत, संशय फिटला की नाही हे ठरवायला दंडाधिकारी आहे. धरणाऱ्यानेच धरायचं, किती वेळ ठेवायचं तेही त्यानेच ठरवायचं आणि नोंदही त्यानेच करायची नाही, मग चूक झाली तर ती दिसणार कुणाला?

दिगंत

शेवटचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी चोरांना या हक्कांचा जास्त फायदा होतो हे माझं मत कायम.

सीमापार

मी मानवी हक्क कायद्याचा अभ्यास करते, म्हणून भारताबाहेरचं थोडं.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातला (१९६६) अनुच्छेद ९ याच प्रश्नावर आहे. मनमानी अटक नको, अटक करताना कारण सांगा, लवकरात लवकर न्यायाधीशासमोर न्या. 'लवकर' म्हणजे किती? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१४ च्या ३५ व्या सर्वसाधारण टिप्पणीत सांगितलं की साधारणपणे ४८ तास पुरेसे आहेत, त्याहून उशीर अगदी अपवादात्मक परिस्थितीतच. आपलं संविधान १९५० पासून २४ तास सांगतंय. या बाबतीत आपल्या घटनाकारांनी जगापेक्षा कडक माप लावलं, आणि ते रोज हातचं घालवलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

युरोपात १९८८ चं ब्रोगन प्रकरण प्रसिद्ध आहे. उत्तर आयर्लंडमध्ये दहशतवादाच्या संशयावरून चौघांना धरलं होतं. त्यांतल्या सर्वांत कमी काळ ठेवलेल्या माणसाचे ४ दिवस ६ तास झाले होते, आणि न्यायाधीशासमोर न नेता तेवढा काळ ठेवणंही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने युरोपीय मानवी हक्क कराराचा भंग ठरवलं. गुन्हा कितीही गंभीर असला तरी.

मूळ प्रश्नाच्या अगदी जवळचं म्हणजे गिलन आणि क्विंटन, २०१०. लंडनमध्ये शस्त्रप्रदर्शनाबाहेर निदर्शनाला निघालेला एक विद्यार्थी आणि एक पत्रकार यांना पोलिसांनी झडतीसाठी थांबवलं होतं. अर्ध्या तासाच्या आतली गोष्ट. तरी न्यायालय म्हणालं की तेवढा वेळ त्यांना हलण्याची कसलीही मोकळीक नव्हती, नकार दिला असता तर अटक झाली असती, आणि ही बळजबरी स्वातंत्र्य हिरावल्याचंच लक्षण आहे. निकाल मात्र शेवटी खाजगीपणाच्या हक्कावर दिला. सांगायचं असं की तिथेही आधी हेच बघतात: माणूस निघून जाऊ शकत होता का?

अजून एक. वर सांगितलेल्या १९६६ च्या कराराला १९७९ मध्ये मान्यता देताना भारताने अनुच्छेद ९ बाबत वेगळी भूमिका नोंदवली होती, की बेकायदा अटकेबद्दल सरकारकडून भरपाई मागायचा हक्क आपल्या कायद्यात नाही. पुढे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने रुदुल साह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) मध्ये भरपाई दिली, आणि कोठडीतल्या छळाबद्दलच्या डी. के. बसू निकालात त्या भूमिकेला आता अर्थ उरला नाही असं म्हटलं.

बोरूबहाद्दर

सीमापार, अप्रतिम प्रतिसाद. धागा वाचता वाचता रात्रीचा एक वाजला. झोपेचा हक्कही असतो का हो कुठे?

काळा_कोट

बोरूबहाद्दर, खरंच असतो! २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका ज्येष्ठ नागरिकाचं प्रकरण आलं. ईडीने त्यांचा जबाब मध्यरात्र उलटून पहाटेपर्यंत घेतला होता. अटक बेकायदा आहे हे म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही, पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि जबाब दिवसाच्या रास्त वेळेत घ्यायला हवेत असं ठणकावलं. त्यानंतर ईडीने याबद्दल परिपत्रकही काढलं.

बोरूबहाद्दर

मग हा हक्क बजावतो. शुभरात्री मंडळी, सकाळी उरलेलं वाचतो.

जुईली

बायकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून माझा अनुभव. गल्लीतल्या भांडणाची साक्ष द्यायला आईला रात्री साडेआठला ठाण्यात बोलावलं होतं. आईने चप्पल घातलीसुद्धा. मी फोनवर विचारलं, "कुठल्या कलमाखाली बोलावताय? कलम १७९ प्रमाणे स्त्रीला जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. लेखी आदेश पाठवा आणि जबाब घरी घ्या." दोन क्षण शांतता, मग "बरं मॅडम, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी महिला अंमलदाराला घेऊन आले, चहा घेतला, वीस मिनिटांत जबाब झाला. कोणाचा अपमान नाही, तपासही अडला नाही.

हा नियम स्त्रियांबरोबरच पंधरा वर्षांखालची मुलं, साठीवरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी माणसं यांनाही आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगून ठेवा.

सीमापार

जुईली, शाब्बास! १९७७ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं होतं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला असं बोलावणं हा या नियमाचा भंग आहे असं सुनावलं. माजी मुख्यमंत्र्याच्या बाबतीतही जो नियम पाळला गेला नाही तो तुम्ही एका फोनवर पाळायला लावलात.

वाटसरू

थोडं अवांतर. चॅप्टर केसचं, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच केलेल्या प्रतिबंधक कारवाईचं काय? सणासुदीच्या आधी आमच्या भागातली तीच तीच पोरं उचलतात. गुन्हा काही नसतो.

काळा_कोट

अवांतर नाही, याच प्रश्नाचा जास्त अवघड भाग आहे. दखलपात्र गुन्हा घडणारच असं दिसत असेल आणि तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने टाळता येत नसेल तर प्रतिबंधक अटक, कलम १७०, जुनं १५१. यालाही २४ तासांची मर्यादा आहे. नव्या संहितेतलं कलम १७२ मला जास्त खटकतं. पोलिसांच्या सूचना न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडून देता येतं, दंडाधिकाऱ्यासमोर न नेता. म्हणजे 'बसवून ठेवणं' मागच्या दाराने कायद्यात आलंय अशी मला भीती वाटते.

एमपीडीएसारखी (धोकादायक मानलेल्या माणसांना खटल्याशिवाय डांबून ठेवायचा महाराष्ट्राचा कायदा) स्थानबद्धता त्याहून वेगळी. तिला अनुच्छेद २२(३) ने २४ तासांच्या नियमातून वगळलंय. ज्या अनुच्छेदात अटकेपासून संरक्षण दिलं त्याच अनुच्छेदात विनाचौकशी स्थानबद्धतेची वाट ठेवली, हे मला कधीच पचलेलं नाही.

उंबरठा

आणि आणीबाणीत त्याचं टोक दिसलं. १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल: बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही कोर्टाचं दार बंद. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्नांनी विरोध नोंदवला आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ (जीवित आणि वैयक्तिक स्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं झालं, आणि २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी निकालात तो जबलपूर निकाल स्पष्टपणे रद्द ठरवला. मधे चाळीस वर्षं गेली.

सदाफुली

मंडळी, भाच्याशी पुन्हा नीट बोलले. सुरुवातीला त्याला वाटत होतं की आपण चौकशीला मदत करतोय. सातच्या सुमारास तो पाणी प्यायला उठला आणि दाराकडे वळला, तेव्हा "ए, बस खाली, कुठे निघालास?" असं झालं. त्यानंतर तो उठलाच नाही. लघवीला जायचं होतं तरी दोन तास दाबून बसला, कारण विचारायची हिंमत होईना. हे सांगताना तो रडला.

आता आम्ही काय करावं? त्याला भीती आहे की तक्रार केली तर खरंच अटक करतील.

माजी_फौजदार

सदाफुलीताई, हे वाचून वाईट वाटलं. आतल्या गोष्टी सांगतो, उपयोगी पडतील. ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण आलं, कोण गेलं, साहेब बंदोबस्ताहून किती वाजता परतले, सगळ्याच्या नोंदी वेळेसह होतात. मुलाची नोंद नसली तरी साहेब साडेदहाला परतल्याची असणारच, म्हणजे त्याचं सांगणं जुळतं. त्याच्या मोबाइलचं लोकेशन आणि चारचा तो कॉल ही दुसरी खूण. आणि ठाण्यातले कॅमेरे. ते मात्र लवकर मागा.

मनुष्यबळाबद्दल मी जे बोललो त्यावर ठाम आहे. पण पोराला पाण्याला उठू न देणं यात कसलाही तपास नाही.

काळा_कोट

फौजदारकाकांनी नेमकं सांगितलं. कॅमेऱ्यांबाबत २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे. प्रत्येक ठाण्यात दारापासून लॉकअप, व्हरांडे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांपर्यंत सीसीटीव्ही हवेत, चित्रण १८ महिने राहील अशी यंत्रणा हवी, ती मिळत नसेल तर निदान एक वर्ष. प्रत्यक्षात ठाण्यांत चालू कॅमेरे नसल्याच्या बातमीची २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून उशीर नको.

क्रमाने सांगतो. पहिला अर्ज फक्त चित्रण जपून ठेवण्याचा करा, त्यात तारीख आणि दुपारी ४ ते सकाळी ११ ही वेळ लिहा. एक प्रत ठाण्यात द्या, एक अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात. आरोप अजिबात नकोत, फक्त मागणी. नंतर वाटलं तर सविस्तर तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे. आयोगाला घटनेपासून एक वर्षाची मर्यादा आहे. भरपाईसाठी उच्च न्यायालय. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

भीतीबद्दल. त्याला पुन्हा फोन आला तर नम्रपणे एवढंच म्हणायचं, "लेखी नोटीस द्या, मी वेळेवर येतो." जाताना घरचं माणूस बरोबर, वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात, कारण मोबाइल काढून घेतात. आत गेल्यावर शांतपणे विचारायचं, "साहेब, मी जाऊ शकतो का?" उत्तर 'नाही' आलं की पुढचा प्रश्न, "मग मला अटक केली आहे का, आणि कशासाठी?" अटक केलीच तर कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी मिळायला हवीत. हे २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या गुन्ह्यांसाठी सांगितलंय. अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि घरी कळवावंच लागतं.

घाटमाथा

मी वर जे चोवीस तासांचं विचारलं त्याचं उत्तर मिळालं. हे दोन प्रश्न छापून आमच्या मंडळाच्या फलकावर लावले तर चालेल का?

काळा_कोट

जरूर लावा. खाली १५१०० पण टाका.

सदाफुली

चित्रणाचा अर्ज भावजींनी आत्ता लिहून काढला, उद्या सकाळी दोन्हीकडे देतोय. भाचा म्हणाला, "मावशी, मीच देतो, माझ्याच नावाने." ताई तयार नव्हती, पण तो ऐकेना.

माजी_फौजदार

देऊ दे त्याला. सोबत कोणीतरी जा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या, त्याशिवाय टेबल सोडू नका. घेत नाही म्हणाले तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.